विज्ञानाच्या तासाला स्थानिक ज्ञान: धड्याखालच्या चौकटीतून बाहेर कसं काढायचं?

रेघोटी (धागाकर्ती)

शालेय विज्ञानात स्थानिक, पारंपरिक ज्ञान आणावं, असं हल्ली बऱ्याच अभ्यासक्रमांच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. वाक्याशी माझं भांडण नाही. पण पुस्तकात उतरताना त्याची बहुतेक वेळा एक रंगीत चौकट होते, धड्याच्या अगदी शेवटी: 'परिसरातील वडीलधाऱ्यांना विचारा व माहिती लिहा.' मुलं कुठून तरी चार ओळी लिहून आणतात, शिक्षक सही करतात, विषय संपतो. परीक्षेत हे येत नाही हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

मी विज्ञान शिकवते आणि या चौकटीचा मला मनापासून राग येतो. त्यातून मुलांना दोन चुकीच्या गोष्टी कळतात. एक, आजोबांना जे माहीत आहे ते खऱ्या धड्यात बसण्याजोगं नाही. दुसरी त्याहून वाईट: ते तपासायचंही नसतं, फक्त आदराने उतरवून घ्यायचं असतं.

माझं म्हणणं असं की लोकांचं ज्ञान वर्गात यावं ते निरीक्षण म्हणून आणि प्रश्न म्हणून. एक उदाहरण सविस्तर देते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

पेरू आणि बोलिव्हियातल्या अँडीज पर्वतातले शेतकरी जूनच्या अखेरीस, २४ जूनच्या आसपास, उत्तररात्री डोंगरावर चढून ईशान्येला क्षितिजालगत कृत्तिका पाहतात. तारे ठळक दिसले तर पुढचा पावसाळा चांगला. पुसट दिसले तर पाऊस उशिरा आणि कमी, म्हणून बटाट्याची लावणी काही आठवडे पुढे ढकलायची. पाऊस तिथे साधारण ऑक्टोबरपासून, म्हणजे अंदाज काही महिने आधीचा! ऐकताच 'ताऱ्यांवरून कधी पाऊस कळतो का' असंच कुणालाही वाटेल. २००० साली बेंजामिन ऑरलव्ह, जॉन चियांग आणि मार्क केन यांनी 'नेचर'मध्ये याचा उलगडा केला. एल निनोच्या वर्षी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं त्या वर्षी, जूनमध्ये तिथल्या आकाशात खूप उंचावर विरळ ढगांचा थर वाढतो. तो डोळ्यांना ढग म्हणून जाणवत नाही, पण क्षितिजाजवळचे तारे मंद करतो. आणि त्या प्रदेशात एल निनोच्या वर्षी पुढचा पाऊस कमी पडतो. तारे पाऊस पाडत नाहीत. तारे आणि पाऊस या दोन्हींमागचं कारण एकच आहे.

सहसंबंध आणि कारण यांतला फरक शिकवायला याहून सरस उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. नववीच्या वर्गात यावर दोन तास सहज रंगतात. पण ते दोन तास आणायचे कुठून, मूल्यमापन कसं करायचं, जे तपासात टिकत नाही त्याचं काय करायचं, हे प्रश्न सुटत नाहीत. शिक्षकांनी, पालकांनी, पुस्तकं लिहिलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा.

---

परिमाण

उदाहरण उत्तम आहे, पण परीक्षेत पास झालेलं आहे म्हणूनच तुम्ही ते निवडलंत, रेघोटीताई. नापास झालेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. माझी खरी अडचण ही आहे.

चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांचं उदाहरण घ्या. हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनसाठी २०१५ चं नोबेल मिळालं, तेव्हा 'प्राचीन ज्ञानाचा विजय' अशा मथळ्यांना ऊत आला होता. प्रत्यक्षात काय झालं? त्यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतले आणि वैद्यांकडचे २,००० हून जास्त पाठ, म्हणजे औषधांच्या कृती, तपासल्या. त्यांतले ६४० संभाव्य म्हणून निवडले. सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. हाती लागली एक वनस्पती, आणि तिचाही अर्क नीट काम करीना. मग चौथ्या शतकातल्या गे हाँग यांच्या ग्रंथातली एक ओळ कामी आली: वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्या. म्हणजे उकळू नका. उष्णतेने गुणकारी घटक नष्ट होत असावा, असं थू यांच्या लक्षात आलं. त्यांनी ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला आणि १९७१ मध्ये तो परिणामकारक ठरला.

जुन्या ग्रंथाचं श्रेय यात आहेच, मी ते काढून घेत नाही. पण शेकडो पाठ गळाले हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. मुलांना पूर्ण गोष्ट सांगणार असाल तर मी तुमच्या बाजूने आहे. अर्धी सांगितली, की दुसऱ्या दिवशी वर्गात 'आपल्या पूर्वजांना सगळंच ठाऊक होतं' सुरू होतं. हे वाक्य जगातल्या प्रत्येक समाजात कुणी ना कुणी म्हणत असतं, आणि त्यानंतर प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उद्धट ठरवलं जातं.

न्यूझीलंडचंही पाहा. तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या ज्ञानपरंपरेला शालेय अभ्यासक्रमात इतर ज्ञानाच्या बरोबरीचं स्थान द्यायचा प्रस्ताव आला. २०२१ मध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी त्यावर आक्षेप घेणारं जाहीर पत्र लिहिलं आणि दोन्ही बाजूंनी प्रचंड वाद झाला. रसायन आणि जीवशास्त्राच्या एका मसुद्यात तर 'मौरी' हे जीवनतत्त्व द्रव्याच्या कणांशी जोडलेलं होतं. रसायनाच्या शिक्षकांनी विचारलं, हे कणांच्या सिद्धांतात कुठे बसवायचं? शेवटी ते वगळावं लागलं. मौरी ही संकल्पना माओरी जगण्यात, नदीशी आणि जमिनीशी असलेल्या नात्यात फार मोलाची आहे. तिला कणांच्या धड्यात कोंबून ना तिचा मान राहिला, ना रसायनाचा.

---

भिंगवाली

परिमाण यांचा शेवटचा मुद्दा अगदी पटला. पण जीवशास्त्राच्या बाजूने थोडं.

पक्षी-वैज्ञानिक अर्न्स्ट मायर तरुणपणी न्यू गिनीच्या डोंगरात पक्ष्यांचा अभ्यास करायला गेले होते. त्यांनी १३७ जाती ओळखल्या. तिथल्या लोकांकडे त्यांच्यासाठी १३६ नावं होती. गल्लत होती ती फक्त एकसारख्या दिसणाऱ्या दोन छोट्या पक्ष्यांत. हे मी वर्गीकरणाच्या धड्याच्या सुरुवातीलाच सांगते. वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांची घोकंपट्टी अशी जी मुलांची समजूत असते, ती इथे सुटते. मग पुढचा प्रश्न विचारता येतो: पुस्तक न वाचता या लोकांनी जाती वेगळ्या कशा केल्या असतील? आवाज, घरटं, अधिवास, पिसांचा रंग, अशी उत्तरं मुलंच देतात. आणि दोन ठिकाणची विभागणी कुठे जुळत नाही, ते का, यावर तर विचारूच नका, तास संपतो पण चर्चा संपत नाही.

दुसरं उदाहरण उत्तर ऑस्ट्रेलियातलं. तिथले आदिवासी फार पूर्वीपासून सांगत आलेत की वणवा लागला की काही शिकारी पक्षी जळती काटकी उचलून पुढे नेऊन टाकतात, म्हणजे नवीन गवत पेटतं आणि उंदीर, सरडे, टोळ बाहेर पळतात. २०१७ मध्ये यावर शोधनिबंध आला. त्यात काळी घार आणि तपकिरी ससाणा यांची नावं आहेत. पण निबंधाचा आधार मुख्यतः प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या साक्षी हा आहे. मी मुलांना एवढंच विचारते: पक्षी हे मुद्दाम करतो की भक्ष्य उचलताना काटकी चुकून पायात येते, हे कसं ठरवाल? काय पाहिलं तर 'मुद्दाम' म्हणाल? इथे मीसुद्धा उत्तर देऊ शकत नाही, आणि हे मुलांना आवडतं.

माझी अडचण वेगळीच आहे. ज्या मुलांना रान, पाणी, जनावर यांतलं सगळ्यात जास्त कळतं, ती वर्गात सगळ्यात गप्प असतात. आपल्याला जे येतं ते 'अभ्यासातलं' नाही, हे त्यांनी पहिली-दुसरीतच ओळखलेलं असतं.

---

सावली

भिंगवालीताई, या गप्पपणावर शिक्षणाच्या अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. कॅनडाच्या ग्लेन एकेनहेड यांनी १९९० च्या दशकात मांडलं की घरच्या जगातून शाळेतल्या विज्ञानाच्या जगात जाणं म्हणजे सरहद्द ओलांडणं आहे. काही मुलांना ती सरहद्द जाणवतही नाही, काहींना दर तासाला ती ओलांडताना दमछाक होते. नायजेरियन अभ्यासक ओलुग्बेमिरो जेगेडे यांनी दाखवलं की मूल दोन्ही स्पष्टीकरणं शेजारी-शेजारी ठेवू शकतं. परीक्षेत एक, घरी दुसरं, आणि दोघांची गाठच पडत नाही.

शिक्षकाला वाटतं मुलाला धडा समजला. घरच्यांना वाटतं मूल आपलंच ऐकतं. मूल मात्र दोघांनाही काही विचारत नाही, कारण विचारलं तर एका बाजूचा अपमान होईल अशी त्याला भीती असते. स्थानिक ज्ञान वर्गात उघडपणे आणायचं ते मला याच्यासाठी हवं आहे. गौरव वगैरे नंतर बघू. ही गाठ वर्गात, शिक्षकाच्या देखत पडली पाहिजे.

---

उंबरठा

पाठ्यपुस्तकाच्या कामात माझी काही वर्षं गेली आहेत, त्या बाजूचं सांगतो. ती रंगीत चौकट कुणाला आवडते म्हणून येत नाही. एकच पुस्तक हजारो शाळांत जातं. समुद्रकाठच्या मुलाचं स्थानिक आणि डोंगरातल्या मुलाचं स्थानिक वेगळं. एकाचं छापलं तर दुसऱ्याला ते पाठ करायची आणखी एक माहिती होते. म्हणजे स्थानिक ज्ञान छापलं की स्थानिक राहतच नाही. हा पेच लेखकाच्या चांगुलपणाने सुटणारा नाही.

त्यात शिक्षक बाहेरगावचे, बदलीवर आलेले. त्यांना कुणाला काय विचारायचं तेच माहीत नसतं. तास चाळीस मिनिटांचा आणि पोर्शन पुरा करायची टांगती तलवार. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात देशी ज्ञानप्रणाली आणि विज्ञान यांचा संबंध समजणं हे विज्ञानविषयांच्या उद्दिष्टांत लिहिलेलं आहे. उद्दिष्ट लिहिणं सोपं आहे. आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरून काय येतं आणि त्याचं विज्ञानाच्या तासात काय करायचं, हे शिक्षकाला त्याच्या प्रशिक्षणात कुणी शिकवलेलं नसेल, तर तो ती ओळ ओलांडून पुढच्या पाठाकडे जाणार. मी त्याला दोष देत नाही.

अलास्काने १९९८ मध्ये वेगळी वाट धरली. तिथल्या मूळ रहिवासी शिक्षकांनी मिळून संस्कृतीशी सुसंगत शाळांसाठी मानकं केली, आणि त्यांत विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक, अभ्यासक्रम, शाळा आणि समाज यांच्याकडूनही काय अपेक्षा आहे ते लिहिलं. कोणतं ज्ञान शिकवायचं याची यादी नाही. गावाशी नातं जोडायची जबाबदारी शाळेवर टाकली. पुस्तकाने करण्याजोगं एवढंच आहे असं माझं मत झालंय: पद्धत छापायची, आशय मोकळा सोडायचा.

---

रेघोटी (धागाकर्ती)

उंबरठा, 'पद्धत छापायची, आशय मोकळा सोडायचा' हे मी लिहून ठेवलं.

परिमाण, गळालेल्या पाठांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. पण स्थानिक ज्ञान म्हणजे फक्त 'खरं की खोटं' तपासायचे दावे, असं धरलं तर आपण अर्धंच बघतो. काही वेळा त्यात विचार करायची एक अख्खी रीत असते. ही गोष्ट थोडी सावकाश सांगते.

मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरचे माउ पियाइलुग १९७६ मध्ये 'होकुलेआ' ही जोडहोडी हवाईहून ताहितीला घेऊन गेले. होकायंत्र नाही, नकाशा नाही. त्यांच्या परंपरेत मुलांना शिकवताना जमिनीवर खड्यांचं वर्तुळ मांडतात. एकेक खडा म्हणजे एकेका ताऱ्याची उगवायची किंवा मावळायची जागा. मधे होडी. आणि प्रवासात आपण किती पुढे आलो हे मोजायची त्यांची रीत, 'एटाक', अशी: वाटेच्या एका बाजूला, क्षितिजापलीकडे असलेलं एक बेट मनात धरायचं. ते दिसत नाही. होडी स्थिर आहे असं मानायचं, आणि ते बेट मागे सरकत-सरकत एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली जातं. तारा बदलला की एक टप्पा झाला.

होडी स्थिर, बेट चालतंय! सापेक्ष गती शिकवताना आपण मुलांना जे पटवून द्यायला धडपडतो, ते इथे आधीच धरलेलं आहे, आणि त्याच्या भरवशावर माणसं शेकडो मैल समुद्र ओलांडत होती. वर्गात करायलाही सोपं आहे. फरशीवर खडूने वर्तुळ काढा, कडेला बारा-पंधरा खडे ठेवा, मधे एक मुलगा होडी म्हणून बसवा. त्याने हलायचं नाही. दुसऱ्या मुलाने 'बेट' होऊन वर्तुळाबाहेरून एका सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने मागे चालायचं. मधल्याने ते बेट कोणत्या खड्यासमोर आहे ते सांगत राहायचं, तिसऱ्याने वेळ टिपायचा. थोड्याच वेळात मुलांना दिसतं की टप्पे सारख्या वेळाचे नाहीत. बेट लांब पुढे असताना दिशा सावकाश बदलते, ते अगदी बाजूला आलं की झपाट्याने, मग पुन्हा सावकाश. का? आलेखाच्या कागदावर काढा, कोन मोजा. त्रिकोणमिती न सांगताच तिच्या दारात मुलं उभी राहतात.

इथे कुणाची परंपरा श्रेष्ठ हा प्रश्न उठतच नाही, कारण सगळे कोन मोजण्यात गुंतलेले असतात.

---

परिमाण

हे मी पुढच्या आठवड्यात करून बघतोय. भौतिकशास्त्राच्या माणसाला याहून जास्त काय हवं.

पण माझा दुसरा प्रश्न राहिलाच. तपासात टिकलं नाही तर? घरच्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट वर्गात चुकीची ठरली, आणि मूल संध्याकाळी घरी जाऊन आजीला म्हणालं, 'तुझं खोटं निघालं.' शाळेने त्या घरात काय केलं मग? आणि या भीतीने आपण फक्त पास होणारीच उदाहरणं वर्गात आणणार असू, तर ते विज्ञान नाही.

---

जुनाखडू

परिमाण सर, हा प्रश्न टाळून चालणार नाही. निवृत्तीनंतरही मी यावर विचार करतो आहे. माझं उत्तर असं: 'खरं की खोटं' याआधी 'कुठपर्यंत खरं' हा प्रश्न विचारायची सवय लावा.

इंडोनेशियातलं सिमेउलुए बेट पाहा. १९०७ मध्ये तिथे त्सुनामीने फार माणसं गेली. त्यानंतर लोकांनी 'स्मोंग'ची गोष्ट आणि गाणी पिढ्यान्‌पिढ्या चालवली: जमीन जोरात हादरली आणि समुद्र मागे हटला, की काही न घेता डोंगराकडे पळा. २००४ मध्ये भूकंपाचं केंद्र तिथून अगदी जवळ होतं. बेटावर सुमारे ७८,००० माणसं होती, आणि गेली फक्त सात. शेजारच्या सुमात्राच्या किनाऱ्यावर लाखांवर माणसं मेली.

मी वर्गात इथे थांबत नसे. पुढे विचारायचो: हाच नियम श्रीलंकेत पाठ असता तर? मुलं म्हणायची, वाचले असते. मग नकाशा काढायचा. श्रीलंका केंद्रापासून हजारभर किलोमीटरपेक्षा लांब. तिथे जमीन जोरात हादरलीच नाही, लाट दोनेक तासांनी आली. नियमातली पहिली खूणच नाही! समुद्र मागे हटलेला काही ठिकाणी दिसला, पण दर वेळी पाणी आधी मागेच जातं असं नाही. कधी पहिली येते ती लाटच. आता मुलंच सांगायची की जवळच्या भूकंपाला 'स्मोंग' हवं, लांबच्या भूकंपाला समुद्रातली यंत्रं आणि भोंगे हवेत, आणि यंत्राचा इशारा यायलाही काही मिनिटं लागतात, तेवढ्यात जवळच्या किनाऱ्यावर लाट पोचलेली असते.

इथे कुणी खोटं ठरलं नाही. नियमाची हद्द सापडली. न्यूटनच्या नियमांनाही हद्द आहे, ती आपण कौतुकाने शिकवतोच ना? तोच मान आजीच्या नियमाला द्या. मूल घरी जाऊन 'आजी, हे तू कुठे पाहिलंस, कधी पाहिलंस, कधी चुकलं होतं का' असं विचारेल. बहुतेक आज्यांना कधी चुकतं ते पक्कं ठाऊक असतं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

काही गोष्टी मात्र खरोखर घातक असतात, एखादा उपचार, एखादी समजूत. तिथे हद्द-बिद्द काही नाही. शिक्षकाने स्पष्ट सांगावं की हे करू नका, आणि कारणही सांगावं. तिथे गुळमुळीत बोललं की त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

---

भिंगवाली

जुनाखडू सर, _/\_ 'कधी चुकलं होतं का' हा प्रश्न मी प्रकल्पाच्या सूचनांमध्ये घालणार.

त्याला जोडून एक: हवामान बदलतंय तशा जुन्या खुणा चुकायला लागल्या आहेत. फुलोरा आणि पाऊस यांचं आधीचं गणित जुळत नाही. हेही मुलांना नोंदवायला लावता येईल. पूर्वीची खूण हीच इथे जुनी नोंदवही आहे, दुसरी कुणी लिहिलेलीच नाही.

---

सावली

एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही, म्हणून लिहिते. हे ज्ञान कुणाचं? आपण सगळे धरून चाललोय की विचारलं की मिळेल आणि मिळालं की वर्गात लावता येईल.

दक्षिण आफ्रिकेतले सान लोक लांबच्या शिकारीत भूक मारायला हूडिया ही काटेरी वनस्पती चघळत. तिथल्या एका सरकारी संशोधन संस्थेने तिच्या घटकाचं पेटंट १९९० च्या दशकात घेतलं, ते औषध कंपन्यांपर्यंत गेलं, आणि सान लोकांना कुणी विचारलंही नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर २००३ मध्ये त्यांच्याशी लाभाच्या वाटणीचा करार झाला. ही पेटंटची मोठी गोष्ट झाली, पण शाळेतही छोट्या प्रमाणात हेच घडतं. मूल घरची औषधी विचारून आणतं, प्रदर्शनात तक्ता लागतो, त्याचे फोटो सगळीकडे जातात. ज्या बाईने सांगितलं तिचं नावही नसतं, तिची परवानगीही नसते. काही ज्ञान ठरावीक माणसांनीच, ठरावीक वेळीच सांगायचं असतं. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये अशा मर्यादा कडक आहेत. माउ पियाइलुग यांची विद्याही ठरावीक घराण्यांत राहायची. बाहेरच्यांना शिकवायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं, कारण आपल्याकडची तरुण मुलं शिकेनाशी झाली तर ती विद्या बुडेल अशी त्यांना भीती होती.

तेव्हा प्रकल्पाच्या कागदावर दोन रकाने आधी हवेत: हे कुणी सांगितलं, आणि वर्गाबाहेर सांगायला त्यांची हरकत आहे का. 'नाही सांगायचं' हे उत्तरही पूर्ण गुणांचं.

---

उंबरठा

गुणांचा विषय निघालाच आहे तर त्यावरच येतो. परीक्षेत येत नाही तोवर हे सगळं चौकटीतच राहणार, हे रेघोटीताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे. पण परीक्षेत आणताना 'अँडीजमधले शेतकरी कोणते तारे पाहतात?' असा प्रश्न आला तर आपण सगळ्यावर पाणी ओतलं. म्हणून एक कच्चा मसुदा टाकतो:

'एका डोंगराळ भागातील शेतकरी जूनअखेरीस कृत्तिका पाहतात. तारे पुसट दिसले तर पाऊस कमी पडेल असे मानून लावणी उशिरा करतात. (अ) तारे पुसट दिसण्याची दोन संभाव्य कारणे लिहा. (आ) हा नियम तपासण्यासाठी कोणत्या नोंदी, किती काळ ठेवाल? (इ) हाच नियम दुसऱ्या प्रदेशात चालेल का? कारण द्या.'

आशय माहीत नसला तरी विचार करून सोडवता येतो. माझ्या अंदाजाने आठ मिनिटं पुरावीत. दुरुस्त्या सुचवा.

---

परिमाण

(आ) नंतर एक तक्ता द्या. दहा काल्पनिक वर्षं, तारे ठळक की पुसट, पाऊस चांगला की कमी. काल्पनिक आहे हे स्पष्ट लिहून. त्यात दोन वर्षं नियम चुकलेला असू द्या, आणि विचारा: तुम्ही शेतकरी असता तर या नियमावर लावणी ठरवली असती का? 'हो' म्हणणाऱ्यालाही गुण, 'नाही' म्हणणाऱ्यालाही, तक्त्यातल्या आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं तर.

आणि (अ) मध्ये एखाद्याने 'धूर' किंवा 'धूळ' लिहिलं तर ते बरोबर धरा. उत्तरसूचीत फक्त 'ढग' नको.

---

रेघोटी (धागाकर्ती)

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. (इ) साठीही तेच करूया. 'नाही' या शब्दाला शून्य, कारणाला दोन गुण, आणि 'आधी तिथे नोंदी ठेवून बघावं लागेल' असं लिहिणाऱ्यालाही दोन. हे मार्गदर्शिकेत उदाहरणांसकट लिहायला हवं, नाहीतर तपासणारा घाईत 'नाही' बघून टिकमार्क करील आणि पुढच्या वर्षी मुलं तेवढाच एक शब्द पाठ करून येतील.

सावलीताई, तुमचे दोन रकाने प्रकल्पाच्या नमुन्यात सगळ्यात वर टाकते आहे. नमुना तयार झाला की इथेच डकवते. ज्यांना आपल्या वर्गात वापरून बघायचा असेल त्यांनी वर्ग कोणता आणि तास किती मिळतील ते खाली लिहा, म्हणजे त्यानुसार लांबी ठरवता येईल.

---

परिमाण

नववी, दोन तास. एटाक पहिल्या तासाला घेईन, खडूचं वर्तुळ मैदानावर काढावं लागेल, वर्गात बाकं आहेत.

---

भिंगवाली

आठवी. तास एकच आहे, पण चित्रकलेच्या बाई त्यांचा तास द्यायला तयार आहेत. पक्ष्यांच्या वर्गीकरणाने सुरुवात करते.